टमाटरच्या सॉसमधे, चटणीत साखर टाकायची का? टाकायच्या आधी हे करून पाहा

आमच्या घरी भाजीत साखर पडत नाही. गूळ पुरणात, गूळ कैरीच्या लुंजीत, पण रोजच्या भाजीत नाही, अन् आमच्या दर्यापूर साईडले बहुतेक घरी असंच आहे, एखाद्या सुनेनं माहेरच्या सवयीनं भाजीत गूळ टाकला तं घरातलं म्हातारं माणूस पह्यल्या घासालेच ओळखते. तरी मले चार जणी विचारतातच, की टमाटरचं काही केलं की आंबटढाण होते, तं साखर टाकायची का, अन् किती टाकायची. आता तं हे जास्तच विचारून राहिले, काहून की पोट्ट्याइले पास्ता पाहिजे, पिझ्झा पाहिजे, अन् व्हिडिओमधे जो तो शेवटी एक चमचा साखर टाकून मोकळा होते. म्हणून एकदा बैजवार लिहून ठेवते, जिले लागन तिनं वाचावं.

माहं म्हणणं आधीच सांगून टाकते. साखरेले माही ना नाही. पण आंबट काहून झालं हे न पाहता साखर टाकू नका.

मागच्या दिवाळीत माह्या नणंदेची पोरगी पुण्याहून आली होती, अकरावीत आहे. तिले रात्री सगळ्याइसाठी पास्ता करायचा होता. मी म्हटलं कर बाई, गॅस तुहा, कढई तुही. तिनं टमाटर प्युरीचे दोन पॅकेट संगं आणले होते. तेल तापवलं, लसूण टाकला, प्युरी ओतली, पाच मिनिटं रटरटू दिली अन् चाखली, अन् एक डोळा बारीक झाला तिचा, मी भाकर थापता थापता पाह्यलं. मंग एक चमचा साखर. चाखलं. अजून आंबट. अजून एक चमचा, मंग अजून एक. चौथा चमचा पडला तसं आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, चुलीपासून उठल्या, सराट्यावरचं (उलथन्यावरचं) बोटानं चाखलं अन् म्हणल्या, "काय व माय, हे तं गोडमिट्ट झालं, अन् दात तं आंबूनच राहिले." पोरगी म्हणे, "आजी, असं कसं होईल, एवढी साखर टाकली मी." रडकुंडीले आली बिचारी. पण आत्याबाईच्या जिभेले जे कळलं तेच खरं होतं, आंबट जसंच्या तसं होतं अन् त्याच्यावर गोड येऊन बसलं होतं.

असं काहून होते ते समजून घ्या, मंग पुढचं सगळं सोपं आहे. टमाटरचं आंबट म्हणजे मुख्य सायट्रिक आम्ल, जे निंबात असते तेच, अन् त्याच्यासंगं थोडं मॅलिक आम्ल, जे कच्च्या सफरचंदात असते. शाळेत पीएच शिकवतात ना, पाण्याचा ७, तं टमाटरचा साधारण ४.२ ते ४.६ च्या आसपास भरते, जेवढा आकडा कमी तेवढं आम्ल जास्त. आता साखर टाकली तं हा आकडा हलत नाही. निंबाच्या शरबतात तुम्ही तीन चमचे साखर टाका, निंबू तेवढंच राह्यते, फक्त जिभेले आंबट कमी वाटते. टमाटरमधेही तेच. थोडसं आंबट जास्त असन तं चिमूटभर साखर ते झाकते, छान झाकते. पण लय आंबट असन तं झाकता झाकता गोडाची हद्द येऊन जाते अन् आंबट मागून डोकावतच राह्यते. अन् ज्याले टमाटर खाल्लं की छातीत जळजळ होते, घशाशी येते, त्याच्यासाठी तं साखरेचा काहीच उपयोग नाही, आम्ल पोटात तेवढंच गेलं.

दुसरी गोष्ट लोक सांगतात, की आटवत राहा, आंबट उडून जाईन. नाही जात. हे आम्ल वाफेसंगं उडणारं नाही. टमाटरमधे शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच असते, आटवताना ते पाणी जाते, आंबट कढईतच राह्यते अन् उलट एकवटते. पण त्याच्यासंगं टमाटरचा आपला गोडवाही एकवटते, अन् कच्चा उग्र वास निघून जाते, म्हणून पिकलेलं टमाटर आटवलं तं चव बसते अन् कच्चं टमाटर आटवलं तं अजून आंबट होते. म्हणजे गोष्ट फिरून टमाटरवरच येते.

तं आता टमाटरचं बोलू. टमाटरले आमच्याइकडे भेदर म्हणतात, अन् भेदरं म्हणजे हिवाळ्याची. पावसाळा सरता सरता रोप लावलं की डिसेंबर ते फेब्रुवारी बाजारात असे ढीग पडतात की शेतकऱ्याले तोडाईचे पैसे निघत नाही. हेच दिवस चटणी-सॉस करायचे. झाडावर लाल झालेलं भेदर हातात घेतलं तं थोडं दबते, अन् देठापाशी नाक लावलं तं हिरव्या पानाचा तो तिखटसर वास येते, हातालेही लागते तो. असं भेदर असन तं साखरेच्या डब्याले हात लावायची गरजच पडत नाही, मी खरं सांगते. पण जून-जुलैमधे आपल्याइकडे जो माल येते तो लांबचा, नारायणगाव, तिकडे मदनपल्ले, कोलार, अन् लांबचा प्रवास म्हणून कच्चा हिरवट तोडलेला, क्रेटमधे येता येता लाल होते. रंग येते पण आतला गोडवा तेवढा येत नाही, जेवढी साखर झाडावरून यायची ती देठ तुटला तिथंच थांबली. वरून लाल अन् कापलं तं आत मधला दांडा पांढरा, ते हेच. २०२३ च्या जुलैमधे टमाटर शंभराच्या वर गेले होते, तेव्हा महाग घेतले म्हणून चांगले असतीन असं वाटायचं, चव पाह्यली तं निव्वळ आंबट पाणी.

असे टमाटर घरी आणले असतीन तं लगेच करू नका. टोपलीत, एकमेकाले रगडणार नाही असे, दोन-तीन दिवस बाहेर ठेवा, संगं एखादं पिकलं केळ ठेवलं तं अजून लवकर पिकतात. फ्रीजमधे ठेवू नका, १२ अंशाखाली गेलं की टमाटरचा वास मरते, अन् वास मेला की जिभेले फक्त आंबट उरते. हे लय जणीले माहीत नाही. आमच्याइकडे आठवडी बाजाराचे टमाटर आले की सरळ फ्रीजच्या खालच्या डब्यात, अन् मंग म्हणतात टमाटरले चवच नाही.

गावरान अन् हायब्रीडमधेही फरक आहे. गावरान चपटं, कड्याकड्याचं, पातळ सालीचं, आत पाणी अन् बिया भरपूर. हायब्रीड अंड्यासारखं लांबट, कडक, गर जाड. बियाभोवतीचं ते बुळबुळीत पाणी असते ना, सगळ्यात जास्त आंबट तेच, पण टमाटरची खरी चवही त्याच्यातच आहे. म्हणून सगळं काढून फेकू नका. लय आंबट टमाटर असले तं अर्ध्या टमाटरचं काढा, वरणात टाकून द्या ते, वाया जात नाही.

इटलीचं उदाहरण देतात लोक, म्हणून तेही सांगते. तिकडे नेपल्स शहराच्या आजूबाजूले सान मार्झानो नावाचे लांबट टमाटर होतात, गर जास्त, बिया कमी, आंबट कमी, अन् पूर्ण पिकल्यावर डब्यात भरतात. त्याच्या सॉसले साखर लागत नाही. ज्याइले गोडवा पाहिजे ते कांदा अन् गाजर बारीक चिरून तेलात हळूहळू परततात, त्याचाच गोडवा उतरते. साखरेची चिमूट टाकणारेही तिकडे आहेत, घरोघरी वेगळं. आपल्याइकडचं पॅकेट मात्र पलटून पाहा, घटक लिहिले असतात तिथं बऱ्याच वेळा अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर म्हणून ३३० आकडा दिसन. ते सायट्रिक आम्लच आहे, टिकावं म्हणून वरून टाकलेलं. म्हणजे पोरीच्या प्युरीत टमाटरचं आंबट होतंच अन् वरून अजून आंबट टाकलेलं होतं. तिची काही चूक नव्हती.

आता करायचं कसं ते. मी एक किलोचं माप सांगते. एक किलो पिकलेले टमाटर, दोन मोठे कांदे, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, चार-पाच चमचे तेल, मीठ, तिखट आपल्या घरच्या मानानं. हिवाळा असन तं एक लहान गाजर. बस.

भांडं पह्यले पाहा. लोखंडी कढईत किंवा साध्या अल्युमिनियमच्या गंजात टमाटर तासभर शिजवू नका, आंबट धातूले खाते अन् सॉसले एक कसनुशी चव येते, जिभेच्या कडेले पैसा ठेवल्यासारखी. ती चव आंबट समजून बाया साखर टाकत राह्यतात अन् ती काही जात नाही. स्टीलचं जाड बुडाचं घ्या, नाही तं कल्हई केलेलं पितळेचं. कल्हई उडालेलं पितळ बिलकुल नको.

टमाटरले खालून फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात एक मिनिट टाका, काढून थंड पाण्यात, साल आपोआप सुटते. चूल पेटलेली असन तं मी हे करत नाही, सरळ निखाऱ्यावर भाजते, साल काळी पडून निघून जाते, रस थोडा निखाऱ्यावर चुरचुरून आटते, अन् त्या धुराच्या वासानं आंबट एकदम बोथट वाटते. वांग्याच्या भरतात आपण भेदर भाजूनच टाकतो ते उगीच नाही. मंग हातानं कुस्करा, नाही तं पाट्यावर ओबडधोबड वाटा. मिक्सरमधे एकदम लोणी करू नका, बिया फुटल्या की कडवट उतरते. फिरवायचंच असन तं दोनदा झटका देऊन बंद.

कांदा. इथं घाई करतात सगळे, अन् अर्धं आंबट इथलंच असते. कांदा बारीक चिरून तेलात टाका, चिमूटभर मीठ टाका, गॅस बारीक करा अन् पंधरा-वीस मिनिटं द्या त्याले. पह्यले पाणी सुटते, मंग पारदर्शक होते, मंग कडेनं गुलाबी-बदामी, अन् वास बदलते, नाकाले झोंबणारा वास जाऊन गोडसर वास यायले लागते. त्या वासाची वाट पाहा. कच्च्या कांद्यातच साखर असते पण झोंबण्याखाली दबून राह्यते, हळू शिजला की वर येते. दोन मोठ्या कांद्यानं एक किलो टमाटरले जेवढा गोडवा येते तेवढ्यात बहुतेक वेळा भागते. गाजर टाकायचं असन तं किसून कांद्यासंगंच टाका. गाजर नसन तं लाल कोहळ्याची एक लहान फोड किसून टाकली तरी चालते, सॉस दाटही होते अन् कोणाले कळतही नाही. लसूण कांदा होत आल्यावर टाका, आधी टाकला तं जळते अन् जळका लसूण कडू, मंग कडू अन् आंबट दोन्ही मिळून अशी चव येते की काय बिघडलं तेच समजत नाही.

आता टमाटर टाका, हळद, तिखट टाका, मिठाचं मात्र थांबा. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, अकोला, अमरावती, बुलडाण्यातली पूर्णेच्या काठची गावं ज्याइले माहीत आहे त्याइले सांगायची गरज नाही, विहिरीचं, बोअरचं पाणीच खारं. आटवायच्या सॉसमधे असं पाणी टाकलं अन् वरून मीठही पूर्ण टाकलं तं शेवटी खारट होऊन बसते. तुमच्याइकडे गोड पाणी असलं तरी सुरुवातीले अर्धंच मीठ टाका, आटल्यावर बाकीचं. पाणी तं टाकूच नका शक्यतो, टमाटरचं पाणी पुरते.

झाकण ठेवू नका. कुकरमधेही नको, पाणी जाईनच कुठं. मध्यम आचेवर अर्धा-पाऊण तास लागते. सुरुवातीले बुडबुडे बारीक अन् घाईघाईचे असतात, मंग जाड होतात, फदफद आवाज येते अन् भिंतीवर शिंतोडे उडतात, तेव्हा आच कमी करा. सराटा बुडातून ओढला की रेघ दोन-तीन क्षण तशीच राहावी अन् कडेनं तेल सुटलेलं दिसावं. तेलाची कंजुशी केली तं हे होत नाही, अन् तेल नसन तं आंबट जिभेले सरळ भिडते. आत्याबाई म्हणतात, "तर्री दिसली म्हणजे भाजी झाली," सॉसचंही तेच आहे.

आता चाखा. पण कढईतून उचलून लगेच चटका बसन असं चाखू नका, एवढ्या गरम चवीचा काही अंदाज येत नाही. अन् नुसतं चाटून ठरवू नका. ज्याच्यासंगं खायचं आहे त्याच्यासंगं चाखा, भाकरीचा तुकडा घ्या, पास्त्यासाठी असन तं उकडलेला पास्ता घ्या. नुसतं आंबट वाटलेलं भाकरीसंगं एकदम बरोबर लागते, हे माह्यासंगं कितीदा झालं. साखर टाकायची घाई बहुतेक इथंच होते, चमचा चाटते अन् डब्यात हात घालते.

भाकरीसंगंही आंबट लागलं तं मंग माही वाटीवाली रीत करा, ही मी त्या दिवशी भाचीलेही दाखवली. चार वाट्या घ्या, प्रत्येकीत दोन-दोन चमचे सॉस. पह्यल्या वाटीत काही नाही, जसं आहे तसं. दुसरीत मिठाचे चार खडे. तिसरीत अर्धा चमचा तेल, नाही तं तूप, लोणी, जे आहे ते. चौथीत साखरेची चिमूट. हलवा अन् एक एक चाखा, मधे पाणी प्या. दहापैकी सहा-सात वेळा दुसरी नाही तं तिसरी वाटीच जिंकते माह्या घरी. मीठ कमी असलं की टमाटर कच्चं अन् आंबट वाटते, बरोबर मीठ पडलं की टमाटरचा आपलाच गोडवा वर येते, ही गोष्ट करून पाह्यल्याशिवाय पटत नाही. भाचीनं दुसरी वाटी चाखली अन् म्हणे, "मामी, यात साखर टाकली ना तू?" मी म्हटलं नाही माय, मीठ टाकलं. चौथी वाटी जिंकली तं मंग खुशाल साखर टाका, आता तुम्हाले माहीत आहे काहून टाकून राहिले.

अन् चारही वाट्या आंबटच लागल्या तं? तं टमाटरच लय आंबट आहे, तिथं साखर नाही, खायचा सोडा लागते. सोडा आम्लाले मारते, खरोखर मारते, झाकत नाही. टाकला की फसफसून फेस येते, तो त्या झटापटीचाच वायू. पण हात लय आवरून. एक किलो टमाटरच्या सॉसले दोन बोटाची लहान चिमूट, चमच्याचा आठवा भाग म्हणा. गॅस बारीक करून टाका, नाही तं उतू जाते. फेस बसू द्या, हलवा, चाखा, लागलीच तं अजून अर्धी चिमूट. जास्त झाला तं सॉस बेचव, साबणासारखा लागते, रंगही मंद पडते, अन् मंग काही उपाय राहत नाही. थोडा आंबटपणा राहू द्यायचाच, आंबट नसलेलं टमाटर म्हणजे काय राह्यलं मंग. सोड्यात मीठ आल्यासारखंच असते, म्हणून शेवटचं मीठ सोड्याच्या नंतर पाहा.

एक गोष्ट काळजीनं सांगते, जो सॉस बाटलीत भरून ठेवायचा आहे त्याच्यात सोडा टाकू नका. टमाटर टिकते ते त्याच्या आंबटपणावर. पीएच ४.६ च्या वर गेला की हवाबंद बाटलीत जीवघेणे जंतू वाढू शकतात, अन् ते वासावरून, रंगावरून कळत नाही. म्हणून ठेवणीच्या सॉसले उलट निंबाचा रस टाकतात. साखर, सोडा जे काय करायचं ते बाटली उघडल्यावर, त्या दिवसापुरतं. घरात ज्याले शुगर आहे त्याच्यासाठीही हेच सोयीचं, त्याची वाटी आधी बाजूले काढा.

साखर टाकायचीच झाली तं कधी अन् किती. शेवटी. सुरुवातीले टाकली तं आटता आटता बुडाले लागते अन् करपते. काही आचारी गरम तेलात साखर जाळून रश्श्याले रंग आणतात, ते वेगळं काम आहे, त्याचा इथं संबंध नाही. तयार सॉस, एक किलो टमाटरचा, त्याले पाव चमचा साखर, लहान चमच्यानं. दोन मिनिटं उकळू द्या अन् चाखा. मंग अजून पाव. एका पूर्ण चमच्याच्या पुढं जाऊ नका, चार ग्रॅम साखर झाली ती. मोजायची खूण ही की गोड लागायले नको. आंबट टोचायचं थांबलं अन् तरी कोणाले साखर कळली नाही, तिथं थांबा. जिभेले गोड म्हणून कळलं की जास्त झालं, बस.

गूळ का साखर? पास्ता-पिझ्झाच्या सॉसले साखर, काहून की गुळाले स्वतःची चव आहे, रंगही मातकट करते. भेदराची चटणी, रस्सा, याच्यात गूळ चालते, सुपारीच्या निम्मा खडा, त्याच्यापेक्षा जास्त नाही. पण गूळ आधी चाखून घ्या, काही भेली खारट असतात, अन् मंग मिठाचं गणित चुकते. दूध-सायीनं आंबट मारायचा विचार असन तं आच बंद करून, सॉस थोडा निवल्यावर टाका, उकळत्या आंबटात दूध फाटते. आपल्या चवीचं पाहसान तं मले शेंगदाण्याचा कूट सगळ्यात आवडते, दोन चमचे जाडसर कूट टाकला की आंबट गोल होते, किंवा भाजलेलं खोबरं-तीळ वाटून.

काही पदार्थात मात्र गोड हा पाहुणा नाही, घरचाच आहे. हिरव्या कच्च्या भेदराची चटणी, मिरची-तीळ घालून करतो ती, त्याच्यात गुळाचा खडा टाकला तं शोभून दिसते, कच्चं भेदर आंबट अन् तुरट दोन्ही असते. टमाटरचं सार, त्याच्यात थोडा गूळ पाहिजेच असं माहं मत आहे, आत्याबाईचं नाही. बाटलीतला केचप तं गोडच असते, त्याच्या घटकात साखर वरच्या दोन-तीन नावातच असते, म्हणून लहान पोरं चाटून खातात. पण पाटवडीच्या रश्श्यात, वांग्याच्या भाजीत, सावजी मसाल्यात साखर टाकू नका. तिथं आंबट लागून राहिलं तं कांदा-खोबरं कमी भाजलं गेलं आहे, नाही तं टमाटर जास्त पडलं आहे, दोनपैकी एक.

आता राह्यला तो गोडमिट्ट झालेला सॉस. चार चमचे साखर पडलेली होती, फेकून द्यायचा नव्हता. गोड झालं म्हणून त्याच्यात निंबू पिळू नका, साखर तेवढीच राह्यते अन् आंबट अजून वाढते. त्याले वाढवायचं असते. मी घरात होते ते सहा-सात भेदरं निखाऱ्यावर भाजले, दुसऱ्या कढईत दोन कांदे वर सांगतलं तसे हळू परतले, भेदरं कुस्करून त्याच्यात टाकले, साखरेचा एक दाणा नाही, ते आटलं तसं पोरीचा सॉस त्याच्यात अर्धा ओतला. तिखट थोडं वाढवलं, मीठ बरोबर केलं, सोड्याची चिमूट टाकली, फेस आला तं पोरगी मागं सरकली. शेवटी लोण्याचा एक गोळा. आत्याबाईनं भाकरीसंगं चाखलं, काही बोलल्या नाही, वाटी पुढं केली. उरलेला अर्धा सॉस दुसऱ्या दिवशी तेवढ्याच बिनसाखरेच्या सॉसमधे घातला अन् सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला, चटणी म्हणून शेतात मजुराइच्या डब्यात गेला तो.